पिठाचा कोंबडा, प्लॅस्टिकचा शिपाई

गेल्या दिवाळीत मुलगा बंगळूरहून आला तेव्हा त्याच्या सामानात कपड्यांच्या बॅगेपेक्षा एक खोकाच मोठा होता. पाडव्याच्या दुपारी मी चिवड्याची ताटली घेऊन माडीवर गेले. जुन्या जेवणाच्या टेबलावर षटकोनी घरांचा पट अंथरलेला, त्यावर हिरवे आणि राखाडी प्लॅस्टिकचे शिपाई, रणगाडे, तोफा. एका बाजूला माझा तिशीतला मुलगा, दुसऱ्या बाजूला धाकट्या जावेचा बारा वर्षांचा पोरगा. फासे पडले आणि पोरगं ओरडलं, "मेला! दादा, अजून एक मेला!"

पाणी गाळून पिणारं, पिठात अळी दिसली तर चाळण अंगणात नेऊन हलक्या हातानं झटकणारं आमचं घर. "एवढा शिकलास, आणि हे काय मांडून बसलायस?" म्हणत मी ताटली जवळजवळ आदळलीच आणि खाली आले.

सुट्टी संपवून तो परत गेला. आठवड्यानं त्यानं मला एक जुनं इंग्रजी पुस्तक फोनवर पाठवलं. सोबत एवढंच : "आई, हे वाच. ह्यात तू आहेस."

पुस्तक एच. जी. वेल्सचं, 'लिटल वॉर्स', १९१३ सालचं. काळयंत्राची आणि मंगळावरच्या स्वारीची कथा लिहिणारा तोच हा वेल्स. खेळण्यातले शिपाई जमिनीवर मांडून लढाई कशी खेळायची, याचं हे पुस्तक. तेव्हा वेल्स पंचेचाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. सुरुवातीलाच तो सांगतो, की त्यांचा खेळ नुकता कुठे रंगात येत होता, तेवढ्यात पाहुण्या बायका बडबडत आत आल्या आणि बाईच्या जातीला कल्पनेच्या गोष्टींबद्दल जो रिकामा तुच्छपणा असतो तो घेऊन जमिनीवरच्या मांडामांडीकडे पाहू लागल्या. मी वाचता वाचता थांबले. चिवड्याची ताटली घेऊन दारात उभी असलेली ती मीच की.

राग आला. पुस्तकाचं उपशीर्षक वाचून तर जास्तच आला. हा खेळ म्हणे बारा ते दीडशे वर्षांच्या मुलग्यांसाठी, आणि मुलग्यांचे खेळ नि पुस्तकं आवडणाऱ्या जरा बऱ्या बुद्धीच्या मुलींसाठी! पण राग ओसरल्यावर दुसरी गोष्ट वर आली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे लिहिणं खोटेपणाचं होईल.

मुलगा सतरा वर्षांचा असताना त्यानं एन.डी.ए.चा फॉर्म आणला होता. बेळगावच्या पोराला ते वेड लागावं यात नवल नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच. भरतीला येणारी पोरं, सुट्टीवर निघालेले जवान रोज दिसतात. मी तो फॉर्म कपाटात ठेवला आणि तारीख जाऊ दिली. "आपल्यात हे चालत नाही," एवढंच म्हणाले. तो पुढे कॉम्प्युटरचा झाला, चांगला कमावतो. आणि तिशीत येऊन प्लॅस्टिकचे शिपाई मांडतो. म्हणून मैत्रिणींनो, ह्या खेळांवर लिहायचं तर मला नुसतं नाक मुरडून चालणार नव्हतं. एप्रिलात तो आला तेव्हा मीच म्हटलं, "मांड तुझा पट. मला शिकव."

तो खेळ 'मेमॉयर ४४'. रिचर्ड बोर्ग या रचनाकाराचा, २००४ मध्ये आलेला. दुसऱ्या महायुद्धातल्या, मुख्यतः १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीतल्या लढाया त्यात एकेक करून मांडायच्या. पायदळाच्या तुकडीत चार शिपाई, रणगाड्यांच्या तुकडीत तीन, तोफखान्यात दोन. पट डावा, मधला, उजवा असा तीन भागांत वाटलेला. हातातला पत्ता ज्या भागाचा असेल, त्याच भागातल्या तुकड्या हलवता येतात. फाशांवर आकडे नसतात, चित्रं असतात : शिपाई आला तर शिपाई पडतो, झेंडा आला तर तुकडी मागे हटते.

पहिल्याच डावात मला एक गोष्ट पटली. डावीकडे माझी माणसं अडकलेली, आणि हातातले सगळे पत्ते उजवीकडचे. काय करायचं ते कळतंय, पण करता येत नाही. चाळीस माणसांचा स्वयंपाक निघाल्यावर गॅस संपतो, बाई येत नाही, पाहुणे तासभर आधीच दारात येतात, हे जिनं सोसलंय तिला सेनापतीचं दुखणं समजायला वेळ लागत नाही. इतिहासाच्या पुस्तकात सेनापती ठरवतो आणि फौज चालते. पटावर तसं होत नाही. लढाई म्हणजे इच्छा आणि हातात आलेलं यांची ओढाताण आहे, हे ह्या खेळानं मला तासाभरात शिकवलं. बी.ए.ला इतिहास घेऊन तीन वर्षांत हे मला कळलं नव्हतं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे खुर्ची बदलणं. एक लढाई झाली की पट तसाच ठेवून दोघांनी जागा बदलायच्या, तीच लढाई उलट बाजूनं खेळायची आणि दोन्ही डावांची बेरीज करून हार-जीत ठरवायची. मघाशी ज्या पुलावर मी हल्ला चढवत होते, तोच आता मला राखायचा होता. अनेकांतावर आपण व्याख्यानं पुष्कळ ऐकतो. पण समोरच्याच्या खुर्चीत प्रत्यक्ष बसून त्याच्याच अडचणीत सापडणं हा वेगळा धडा आहे. सासू-सुनांच्या भांडणात असा नियम असता तर किती घरं वाचली असती!

आता न पटलेलं. पायदळाच्या तुकडीतले तीन शिपाई पडून एकच उरला, तरी तो चौघांइतकेच फासे टाकतो. म्हणजे पडलेल्या तिघांनी जाताना काहीच नेलं नाही. त्यांचा धाक, त्यांचं ओझं, त्यांच्यासाठीचं रडणं, यातलं काहीही उरलेल्या एकट्याच्या अंगावर येत नाही. खेळ सुटसुटीत राहावा म्हणून हे केलंय, हे कळतं. तरी माणूस म्हणजे तुकडीला मिळालेला श्वास, एक संपला की दुसरा, एवढाच हिशेब राहतो.

त्याहून खटकलं ते पदकाचं. शत्रूची तुकडी संपली की तिचा शेवटचा शिपाई उचलून आपल्या बाजूच्या पदकाच्या जागेवर उभा करायचा. ठरलेली पदकं ज्याची आधी भरतील तो जिंकला. शेवटचा मेलेला माणूस हेच पदक! रचनाकाराला यात काही सुचवायचं होतं की निव्वळ मोजायला सोपं म्हणून केलं, ते मला सांगता येणार नाही. पण बघणाऱ्याला ते बोचतं, आणि बोचावंच.

आणि गाव. पटावर गावाचे षटकोन आहेत, जंगलाचेही आहेत. गावात तुकडी बसली तर तिच्यावर हल्ला करणाऱ्या पायदळाचा एक फासा कमी होतो, रणगाड्याचे दोन. जंगलात बसली तरी अगदी तेवढेच. म्हणजे आसऱ्यापुरतं बघितलं तर गाव आणि जंगल सारखंच! गाव म्हणजे आडोसा. त्यात चूल पेटलेली नाही, गोठ्यात जनावर नाही, कुणी बाळंतीण नाही. नॉर्मंडीत १९४४ च्या उन्हाळ्यात काँ शहर बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालं, हजारो फ्रेंच नागरिक मेले, आणि मारणारे बॉम्ब पुष्कळसे त्यांना सोडवायला आलेल्यांचेच होते. पटावर ह्यातलं काही नाही. हे मुलाला म्हटलं तर तो म्हणाला, "आई, सगळं घातलं तर खेळ कसा होईल?" म्हणणं खोटं नाही. कुठल्याही खेळाला काहीतरी वगळावंच लागतं. पण काय वगळलं, यावरूनच रचनाकाराची नजर कळते. पाककृतीत मीठ लिहायचं राहिलं तर ती चूक; मीठ हा पदार्थच नाही असं वाटत असेल तर तो स्वभाव.

ह्या छंदाची दुसरी शाखा म्हणजे लहान पुतळ्यांची. बोटाच्या पेरापेक्षा जराशा उंच, साधारण २८ मिलिमीटरच्या आकृत्या घ्यायच्या, भिंगाखाली बारीक कुंचल्यानं रंगवायच्या आणि टेबलावर डोंगर, नदी, कुंपण मांडून फूटपट्टीनं मोजत चालवायच्या. मुलानं वॉटर्लूच्या लढाईतली एक फ्रेंच पलटण अशी रंगवली आहे. त्यानं डबी उघडली आणि खरं सांगते, मी हरखले. पांढरे पट्टे, तांबडी कॉलर, पाठीवरची गुंडाळी, सगळं जिथल्या तिथे. संस्कारभारतीच्या रांगोळीत एक रेघ वाकडी गेली तर पुसणारी मी. हा हात माझ्याचकडून गेलाय हे ओळखलं. बाईला कल्पनेचं वावडं असतं म्हणणाऱ्या वेल्सला आमचं अंगण दाखवायला हवं होतं.

ह्या पुतळ्यांच्या खेळांत बहुतेक ठिकाणी एक आकृती म्हणजे एक माणूस नसतो. वीस, तीस, पन्नास माणसं असतात. एक पुतळा उचलला की तेवढी घरं उचलली. कॉलरचा रंग चुकू नये म्हणून हे लोक रात्ररात्र पुस्तकं धुंडाळतात, तो अभ्यास खरा असतो. पण त्या कॉलरीच्या आतल्या माणसाला दोन दिवस भाकरी मिळाली होती का, हा प्रश्न बऱ्याच नियमपुस्तकांत येतच नाही. तरी एक श्रेय द्यायला हवं. चांगल्या नियमांत तुकड्या मरण्यापेक्षा धीर सुटून पळतात जास्त. धीराची परीक्षा म्हणून फासे टाकावे लागतात. शूरवीर शेवटच्या श्वासापर्यंत लढले, हे आपल्या पोवाड्यांतलं चित्र त्यामुळे थोडं खाली उतरतं. भीती ही लढाईतली सगळ्यांत मोठी शक्ती आहे, हे त्या टेबलावर मान्य केलेलं असतं.

आता पुन्हा वेल्सकडे येते, कारण ह्या छंदाची बाजू त्याच्याइतकी गोड कुणी मांडलेली नाही. पुस्तक खरंच मजेदार आहे. पायदळ एका खेळीत एक फूट, घोडदळ दोन फूट, वेळ घड्याळ लावून, आणि लाकडी गोळी उडवणारी खेळण्यातली तोफ. फासे नाहीत, नेम लागला तर शिपाई पडला. भाषा हसरी, स्वतःचीच फिरकी घेणारी. पण शेवटच्या प्रकरणात तो एकदम गंभीर होतो. म्हणतो, की हा लहान खेळ चार वेळा खेळून बघा, मग खरं युद्ध ही किती अवाढव्य, महाग आणि आपल्या डोक्याच्या आवाक्याबाहेरची घोडचूक आहे ते कळेल. युद्धखोर राजेरजवाड्यांना एका खोलीत शिपाई देऊन बसवा आणि आम्हाला सुखानं जगू द्या, असा त्याचा सूर.

वाचताना माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही. मग साल पाहिलं. १९१३. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं, आणि ह्याच वेल्सनं १९१४ मध्ये पुस्तक काढलं, 'द वॉर दॅट विल एंड वॉर'. युद्ध संपवणारं युद्ध! खेळानं ज्याला युद्धाचा मूर्खपणा दाखवला होता, तोच खऱ्या तोफा वाजताच त्यांच्या बाजूनं लिहू लागला. त्याला ढोंगी म्हणायचं नाही मला. बेल्जियमवर झालेला हल्ला त्याच्या डोळ्यासमोर होता. भल्याभल्यांची मनं त्या दिवसांत फिरली. पण ह्या छंदाचे भक्त नेहमी एक दावा करतात, की खेळात युद्ध खेळलं की खऱ्या युद्धाची हौस फिटते. तो दावा त्याच्या सर्वांत मोठ्या वकिलाच्या बाबतीतच वर्षभर टिकला नाही.

मग उलटं म्हणायचं का? खेळणी काढून घेतली की मन शांत होतं, असं? आपण आया हेच करतो. साकी या टोपणनावानं लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाची 'द टॉइज ऑफ पीस' नावाची गोष्ट आहे. त्यात मामा भाच्यांना शिपायांऐवजी शांततेची खेळणी आणतो : नगरपालिकेची इमारत, विचारवंतांचे पुतळे. थोड्या वेळानं बघतो, तर पोरांनी इमारतीचा किल्ला केलाय आणि विचारवंतांचे सेनापती. साकी स्वतः १९१६ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. मी कपाटात फॉर्म ठेवला तेव्हा मला ही गोष्ट माहीत नव्हती. असती तरी ठेवला असता.

खेळ युद्ध थांबवत नाही. मग ते शिकवतो का? तर हो, शिकवतो. ह्या छंदाचा पूर्वज खेळणं नव्हताच मुळी. प्रशियात राइसविट्झ नावाच्या बापानं १८१२ मध्ये राजासाठी एक टेबलच बनवून घेतलं. डोंगर-नद्यांच्या फरशा बदलून हवा तो मुलूख मांडता येई. त्याच्या मुलानं, तो तोफखान्यातला अधिकारी, १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि पंच यांचा नियमबद्ध खेळ तयार केला. सेनेच्या प्रमुखानं तो पाहिला आणि हा खेळ नव्हे, हे तर युद्धाचं शिक्षण, असं म्हणत तो सगळ्या सैन्यात पोचवला. हा मुलगा पुढे तीनच वर्षांत, १८२७ मध्ये, आपल्या हातानं आयुष्य संपवून गेला. त्याचा खेळ मात्र जगभरच्या सैन्यांत पसरला.

आणि आता आपल्यासाठी, म्हणजे बायकांसाठी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. वेल्सच्या त्या 'बऱ्या बुद्धीच्या मुलीं'ना त्याच्या पुस्तकानंतर तीसेक वर्षांनी काय काम मिळालं, बघा. १९४२ च्या आरंभी इंग्लंडला धान्य, तेल घेऊन येणारी जहाजं अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. लिव्हरपूलच्या डर्बी हाऊसमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्यानं एका मोठ्या खोलीची फरशीच पट केली. क्षयामुळे नौदलानं त्याला आधी निवृत्त केलं होतं. त्याच्या हाताखाली नौदलाच्या महिला दलातल्या विशी-बाविशीच्या पोरी. खडूनं जहाजांच्या वाटा काढायच्या. अधिकाऱ्यांनी पडद्यामागून, फटीतून पाहायचं, म्हणजे समुद्रात खऱ्या कप्तानाला जेवढं दिसेल तेवढंच त्यांना दिसावं. ह्या खेळातून कळलं की पाणबुड्या बाहेरून नव्हे, तर मागून ताफ्याच्या आत शिरून मारा करतात. त्यावर डाव बसवला गेला आणि त्याला 'रास्पबेरी' हे चेष्टेचं नाव दिलं ते जीन लेडलॉ हिनं. पुढे त्या विभागाचे प्रमुख झालेले अॅडमिरल मॅक्स हॉर्टन, पहिल्या महायुद्धातले नावाजलेले पाणबुडीवाले, स्वतः खेळायला बसले. समोर जॅनेट ओकेल, कोवळी पोरगी. तिनं त्यांना पाचही वेळा हरवलं. जवळपास ५,००० अधिकारी ह्या खोलीतून शिकून समुद्रावर गेले.

हे वाचून माझी छाती फुगली. मग आपसूकच खाली आली. त्या खडूच्या रेघांमुळे हजारो खलाशी वाचले, इंग्लंडातल्या लेकरांच्या ताटात भाकरी राहिली. आणि त्याच रेघांच्या दुसऱ्या टोकाला पाणबुडीत कोंडलेली माणसं बुडाली. जर्मन पाणबुड्यांवरच्या सुमारे ४०,००० माणसांपैकी २८ ते ३० हजार परतली नाहीत. आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. त्यांतली विरोधी, म्हणजे रक्षणासाठी घडणारी, गृहस्थाला पूर्ण सुटत नाही असं आचार्यांनीही मानलंय. ह्या मुलींचा खेळ त्या खान्यात बसेल. पण माझ्या माडीवरचा? तिथे रक्षण कुणाचं?

हा प्रश्न घेऊन मी बस्तीतल्या स्वाध्यायाला गेले. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुति, प्रमादचर्या. प्रयोजन नसताना केलेलं पाप ते अनर्थदंड. तिथल्या एका वयस्क काकूंनी माझं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलल्या, "अगं, यशोधराचा कोंबडा पिठाचाच होता की."

ही कथा आपल्या भागात कोण जाणत नाही! जन्नानं कन्नडमध्ये १२०९ मध्ये लिहिलेलं 'यशोधर चरिते' सीमाभागातल्या घराघरांत ऐकून माहीत. आई चंद्रमती राजाला म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला नकार देतो. मग तोड निघते, पिठाचा कोंबडा करू. राजा त्यावर तलवार चालवतो. तेवढ्या संकल्पानं आई आणि मुलगा दोघं जन्मोजन्मी मोर, कुत्रा, मासा, बकरी होत मरत राहतात. पीठ मेलं नाही. मारण्याचा भाव मात्र खरा होता.

काकूंचं वाक्य ऐकलं आणि वाटलं, संपलं, निकाल लागला. घरी येईपर्यंत मात्र पुन्हा विचारात पडले. यशोधराला कोंबडा मारायचाच होता, फक्त दोष टाळून. पिठाचा कोंबडा ही पळवाट होती. खेळणाऱ्याला माणूस मारायचा असतो का? मी माझंच मन तपासलं. एप्रिलातल्या त्या डावात माझ्या फाशांवर तीन शिपाई एकदम आले, मुलाची तुकडी संपली आणि तिचा शेवटचा शिपाई मी पदकाच्या जागेवर ठेवला, तेव्हा मनात शब्द उमटला होता, "घे!" बारा वर्षांच्या पोराच्या "मेला!"त आणि माझ्या "घे!"त तसूभर फरक नव्हता. तो भाव प्लॅस्टिकनं आणला नव्हता. आत होताच, भिशीत, लग्नाच्या मांडवात, जावेशी बोलताना कितीदा उठला असेल. पटावर तो मला दिसला, एवढंच.

मुलानंही एक वाक्य फेकलं होतं, ते विसरता येत नाही. मी पुन्हा "आपल्यात हे चालत नाही" म्हटलं, तर म्हणाला, "आई, श्रवणबेळगोळची मूर्ती कुणी उभी केली?" चावुंडरायानं. गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. लढाया मारलेला माणूस, पुराण लिहिणारा माणूस, आणि ५७ फुटी बाहुबलीपुढे हात जोडणारा माणूस. आपल्या बेळगावची कमल बस्ती तरी कुठे आहे? किल्ल्याच्या आत. तटबंदी आणि तीर्थंकर एकाच आवारात आहेत आठशे वर्षं. आपल्यात काय चालतं नि काय नाही, हे मी समजत होते तितकं सरळ नाही.

आणि ज्या बाहुबलीपुढे चावुंडराय झुकला त्याची गोष्ट तरी काय? भरत आणि बाहुबली यांची सैन्यं समोरासमोर आली तेव्हा दोन्हीकडच्या मंत्र्यांनी सैन्य थांबवलं आणि तीन झुंजी ठरवल्या, असं आदिपुराण सांगतं : दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. नियम, पंच, दोनच खेळाडू. म्हणजे युद्धाच्या जागी खेळ, ही कल्पना वेल्सच्या कितीतरी आधी आपल्याकडे आहे. पण तिथे खेळानं काम भागलं नाही. बाहुबली तिन्हीत जिंकला, आणि जिंकल्यावर त्याला जिंकण्याचीच शरम वाटली. त्यानं राज्य सोडलं. पुढचं सगळं त्या शरमेतून आलं.

म्हणून ह्या खेळांना माझं मोजमाप ते लावते. खेळ चांगला की वाईट हे त्यात किती मरतात यावरून ठरवायचं नाही. जिंकल्यावर खेळणाऱ्याला क्षणभर तरी थबकायला लावतो का, हे बघायचं. 'मेमॉयर ४४' खुर्ची बदलायला लावून अर्धी वाट चालतो. मेलेल्यांना लगेच खोक्यात टाकून उरलेली अर्धी चुकवतो. वेल्सचं पुस्तक शेवटच्या प्रकरणात थबकतं, पण लेखक पुढे विसरतो. लिव्हरपूलची खोली थबकू शकत नव्हती, तिथे वेळ नव्हता.

मे महिन्यात शेवटचा डाव झाला तेव्हा मी एकच नियम सुचवला. पडलेला शिपाई खोक्यात टाकायचा नाही. मी स्वयंपाकघरातून स्टीलचं एक मोठं ताट आणलं आणि टेबलाच्या मधोमध काठावर ठेवलं. दोन्हीकडचे पडलेले ह्यात, हिरवे-राखाडी एकत्र, डाव संपेपर्यंत. पदक मोजायला मुलानं कागदावर रेघा मारल्या. तो आधी कुरकुरला, "आई, हे मूळ नियमात नाही." मी म्हटलं, "घरात आल्यावर प्रत्येक पाककृती थोडी बदलतेच."

प्लॅस्टिक स्टीलवर पडताना आवाज होतो. खोक्यात टाकताना होत नाही. पहिल्या दहा-बारा आवाजांपर्यंत जावेचा पोरगा "मेला" ओरडत होता. मग ओरडणं थांबलं. डाव संपला तेव्हा तोच जिंकला होता. त्यानं ताट पुढे ओढलं आणि मोजायला लागला. हिरवे सव्वीस, राखाडी एकोणतीस. "मोठी आई, मी जिंकलो तरी माझे सव्वीस गेले की." मी काही बोलले नाही. मग तो म्हणाला, "परत मांडूया?" आणि लगेच मांडायलाही लागला. म्हणजे ताटानं त्याला वैराग्य बिराग्य काही आलं नाही. मला तशी आशाही नव्हती.

तो खाली गेल्यावर मुलगा आणि मी पट आवरत होतो. सूर्य कलला होता, जेवणं उरकायची होती. मी फॉर्मचं काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माहीत होतं, आई," तो म्हणाला. "कपाटात वर्तमानपत्राखाली होता. मी पाहिला होता."

"मग काढून भरला का नाहीस?"

त्यानं एक शिपाई उचलून प्रकाशात धरला, त्याची वाकलेली बंदूक बोटानं सरळ केली. "तुझी सही लागणार होती," म्हणाला, आणि तो शिपाई इतरांबरोबर ताटातून खोक्यात ठेवला.

ताट मी खाली नेलं, घासलं, आणि त्याच ताटात त्याला वाढलं.